संविधान, राज्याचा कायदा आणि मंदिराची पेढी

(सुवर्ण महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाची संहिता)



कोणत्याही संस्थेच्या जीवनात पन्नास वर्षांचा टप्पा जसा आनंदाचा असतो, तसाच तो हिशेबाचाही असतो. जैन समाज हा मूळचाच हिशेबाचे महत्त्व जाणणारा समाज आहे. दिवाळीला वहीपूजन करणारा आणि संवत्सरीला आत्म्याच्या वहीतील नोंदी तपासणारा हा समाज संस्थेच्या वहीकडे दुर्लक्ष करील, हे संभवत नाही. म्हणूनच या मंगल प्रसंगी विषय निवडताना थोडी वेगळी वाट धरली आहे. धर्मसंस्था चालविणाऱ्या आणि तिच्यात नित्य दर्शनाला येणाऱ्या सामान्य माणसाच्या जीवनात राज्याचा कायदा कोठे येतो, संविधानाने दिलेला हक्क कोठे उभा राहतो आणि या दोहोंच्या मधल्या जागेत समाजाचे कर्तव्य काय, असा हा विषय आहे.

कायदा हा शब्द उच्चारताच सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर पोलीस ठाणे उभे राहते किंवा न्यायालयाची पायरी. "आपला काय संबंध?" असे म्हणून तो विषय बाजूला सारला जातो. परंतु कळमन्यातील माणसाची कायद्याशी गाठ सूर्योदयापूर्वीच पडते. बाजार आवारात धान्य, मिरची, संत्री, कांदे-बटाटे यांची आवक सुरू होते, तेव्हा तेथील प्रत्येक व्यवहारामागे राज्याचा एक कायदा उभा असतो. अडत्याचा परवाना, उघड हर्रास, काट्यावरचे वजन, बाजार समितीचा सेस, शेतकऱ्याच्या हाती पडणारी पट्टी, हे सारे १९६३ च्या कृषी उत्पन्न पणनविषयक कायद्यातून आलेले आहे. पोते उचलणाऱ्या हमालाची मजुरी, त्याची भविष्य निर्वाहाची रक्कम आणि त्याची सुट्टी यांमागे १९६९ चा माथाडी कायदा आहे. २०१६ साली फळे आणि भाजीपाला यांची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय झाला, तेव्हा मुंबईतील एका आदेशाने नागपुरातील व्यवहाराची रीत कशी पालटते, हे या परिसराने प्रत्यक्ष अनुभवले.

बाजारातून घरी येऊन, स्नान करून तोच माणूस मंदिरात जातो. तेथे तरी कायदा दाराबाहेर थांबतो, अशी त्याची समजूत असते. वस्तुस्थिती वेगळी आहे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत केंद्र आणि राज्य यांच्या अधिकारांच्या याद्या दिल्या आहेत. राज्यसूचीतील २८ व्या क्रमांकाची नोंद "बाजार आणि जत्रा" यांविषयी आहे. समवर्ती सूचीतील २८ व्या क्रमांकाची नोंद धर्मादाय संस्था, धार्मिक दाननिधी आणि धार्मिक संस्था यांविषयी आहे. योगायोगाने क्रमांकही एकच! दुकान आणि देवालय, दोन्ही ठिकाणी कायदे करण्याचा अधिकार राज्याला आहे. प्रश्न एवढाच, की मंदिराच्या दारातून कायद्याने किती पावले आत यावे? गाभाऱ्यापर्यंत, की फक्त पेढीपर्यंत?

या प्रश्नाचे उत्तर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली दिले. ते ज्या खटल्यात दिले, तो खटला एका जैन मंदिराच्या वहिवाटदाराने लढविला होता, ही गोष्ट आपल्या समाजातील अनेकांना ठाऊक नाही. म्हणून ती थोड्या विस्ताराने सांगणे उचित होईल.

कायदा का आला?

स्वातंत्र्यापूर्वी देवस्थाने आणि धर्मादाय निधी यांच्यावर देखरेख ठेवणारे कायदे होते, पण ते विखुरलेले आणि दुबळे होते. पिढ्यान्‌पिढ्या दात्यांनी दिलेल्या जमिनी, इमारती, दागिने आणि रोख रक्कम यांची कोठेही एकत्र नोंद नसे. कोणी वहिवाटदार निष्ठेने कारभार करी, तर कोठे संस्थेची मालमत्ता हळूहळू कुटुंबाची मालमत्ता होऊन जाई. सामान्य भाविकाला हिशेब विचारण्याचा सोपा मार्ग नव्हता. या परिस्थितीचा विचार करण्यासाठी मुंबई सरकारने न्यायमूर्ती तेंडोलकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि त्यानंतर १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम अस्तित्वात आला. मंदिर, मठ, दर्गा, चर्च, अग्यारी, धर्मशाळा, शाळा, दवाखाना, सर्व धर्मांच्या आणि सर्व प्रकारच्या सार्वजनिक विश्वस्त संस्थांना एकाच कायद्याखाली आणणारा हा कायदा होता. धर्मादाय आयुक्त हे पद त्यातूनच निर्माण झाले.

नागपूर त्या वेळी मध्य प्रदेशात होते आणि तेथे १९५१ चा स्वतंत्र सार्वजनिक न्यास कायदा होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. पुढे कायद्यांचे एकीकरण होऊन मुंबईचाच कायदा विदर्भालाही लागू झाला. २०१२ साली त्याच्या नावातील "मुंबई" हा शब्द जाऊन "महाराष्ट्र" हा शब्द आला. आज नागपूर जिल्ह्यातील जे जे सार्वजनिक मंदिर, स्थानक, उपाश्रय किंवा धर्मशाळा न्यास म्हणून नोंदलेली आहे, ती याच कायद्याखाली आहे.

वेजलपूरचा खटला

तत्कालीन मुंबई राज्यातील पंचमहाल जिल्ह्यात वेजलपूर नावाचे गाव आहे. तेथील जैन देरासराचे वहिवाटदार रतिलाल पानाचंद गांधी यांनी या नव्या कायद्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. मुंबईच्या पारशी पंचायतीच्या विश्वस्तांनीही असेच आव्हान दिले होते. उच्च न्यायालयात यश आले नाही, म्हणून दोन्ही प्रकरणे सर्वोच्च न्यायालयात गेली. १८ मार्च १९५४ रोजी न्या. बी. के. मुखर्जी यांनी पाच न्यायमूर्तींच्या पीठाचा निर्णय दिला. एका लहान गावातील देरासराच्या वहिवाटदाराने उपस्थित केलेल्या प्रश्नावर जी तत्त्वे त्या दिवशी सांगितली गेली, ती आजही देशभरातील धर्मसंस्थांच्या खटल्यांत आधार म्हणून घेतली जातात.

संविधानाच्या अनुच्छेद २५ ने प्रत्येक व्यक्तीला सद्‌सद्विवेकबुद्धीचे आणि धर्म मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. अनुच्छेद २६ ने हेच स्वातंत्र्य धर्मसंप्रदायाला दिले आहे आणि त्याचे चार भाग पाडले आहेत. धार्मिक व धर्मादाय संस्था स्थापन करणे आणि चालविणे, हा पहिला. धर्माच्या बाबतीत आपला कारभार आपण पाहणे, हा दुसरा. मालमत्ता संपादन करणे व धारण करणे, हा तिसरा. आणि त्या मालमत्तेची व्यवस्था "कायद्यानुसार" पाहणे, हा चौथा. दुसऱ्या आणि चौथ्या भागांतील फरक बारकाईने पाहण्याजोगा आहे. धर्माच्या बाबतीतील कारभाराला "कायद्यानुसार" हे शब्द जोडलेले नाहीत. मालमत्तेच्या व्यवस्थेला ते जोडलेले आहेत. अर्थात दोन्ही हक्क सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहेतच.

या फरकावरच न्यायालयाने निर्णयाची उभारणी केली. पूजा कशी करावी, कोणते विधी कोणत्या वेळी करावेत, ते करण्याचा अधिकार कोणाला, हे संप्रदायाने ठरवायचे. कोणत्याही ऐहिक सत्तेने "हा विधी तुमच्या धर्माला आवश्यक नाही" असे म्हणून त्यात हात घालू नये. परंतु मंदिराची जमीन, भाडे, ठेवी आणि हिशेब यांवर कायदा नियमन करू शकतो. त्यालाही मर्यादा आहे. नियमनाच्या नावाखाली व्यवस्थेचा अधिकारच संप्रदायाकडून काढून दुसऱ्याच्या हाती देणे हा हक्काचा भंग ठरतो.

या कसोटीवर कायद्याची कलमे एकेक करून तपासली गेली. नोंदणी, हिशेब ठेवणे, लेखापरीक्षण, रकमेची सुरक्षित गुंतवणूक आणि पाहणी यांची कलमे वैध ठरली. पाहणीसाठी येणाऱ्या अधिकाऱ्याने आगाऊ सूचना द्यावी आणि त्या स्थानाच्या धार्मिक रीतिरिवाजांचा मान राखावा, अशी तरतूद कायद्यातच होती, हे न्यायालयाने लक्षात घेतले. मात्र, धार्मिक न्यासाचे विश्वस्त म्हणून खुद्द धर्मादाय आयुक्तांनाच नेमण्याची मुभा देणारी तरतूद धार्मिक संस्थांपुरती रद्द झाली. देखरेख करणाऱ्याने मालकाच्या आसनावर बसू नये, असाच त्याचा अर्थ.

देवद्रव्याचा प्रश्न

जैन समाजाच्या दृष्टीने या निर्णयाचा सर्वांत महत्त्वाचा भाग वेगळाच आहे. आपल्या परंपरेत देवद्रव्याची कल्पना किती सूक्ष्म आहे, हे या सभेत सांगण्याची आवश्यकता नाही. चढाव्याची रक्कम, भांडारात पडलेली रक्कम, जीवदयेची रक्कम, साधारण खात्याची रक्कम, प्रत्येकाची वही वेगळी. देवाला अर्पण झालेले द्रव्य अन्य कामासाठी वापरणे हा दोष मानला जातो. घरातील अडचणीच्या वेळी त्यातून उसने घेण्याचा विचारही श्रावकाच्या मनाला शिवत नाही.

१९५० च्या कायद्यातील काही तरतुदींनी न्यायालयाला असा अधिकार दिला होता, की मूळ उद्देश पार पाडणे शक्य असले, तरी ते इष्ट किंवा व्यवहार्य नाही असे वाटल्यास न्यासाचा निधी दुसऱ्या उद्देशाकडे वळविता यावा. सरकारी बाजूने पाहता हेतू वाईट म्हणता येणार नाही. पडून राहिलेला पैसा लोकोपयोगी कामाला लागावा, असे कोणालाही वाटू शकते. पण प्रश्न हेतूचा नव्हता, दात्याच्या संकल्पाचा होता. ज्या वृद्धेने आयुष्यभराच्या बचतीतून देवाच्या अंगीसाठी काही ग्रॅम चांदी दिली, तिच्या त्या दानाचे काय करायचे, हे तिच्या पश्चात कोणी ठरवायचे?

सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की संस्थापकाने सांगितलेल्या किंवा रूढीने ठरलेल्या धार्मिक उद्देशासाठी न्यासाची मालमत्ता खर्च करणे, हाही संप्रदायाच्या धर्मविषयक कारभाराचाच भाग आहे. मूळ उद्देश पार पाडणे शक्य असताना केवळ कोणाला अधिक योग्य वाटते म्हणून निधी अन्यत्र वळविणे, हे धर्मस्वातंत्र्यावरील अतिक्रमण आहे. त्या तरतुदी त्या मर्यादेत रद्द झाल्या. देशातील कोणत्याही धर्माच्या भाविकाने दानपेटीत टाकलेल्या रुपयाला आज जे संरक्षण आहे, त्यामागे एका देरासराने लढविलेला हा खटला आहे.

तिसरा प्रश्न अंशदानाचा होता. न्यासांकडून घेतली जाणारी अंशदानाची रक्कम हा कर आहे, असा आक्षेप होता. त्याच वर्षी मद्रासच्या शिरूर मठ खटल्यात तशी वसुली कर ठरून रद्द झाली होती. मुंबईच्या कायद्यात मात्र ही रक्कम सरकारी तिजोरीत मिसळत नव्हती. ती वेगळ्या निधीत जमा होऊन न्यासांच्या व्यवस्थेवरच खर्च व्हायची होती. म्हणून ती सेवेचे शुल्क ठरली आणि वैध राहिली. येथेही वेगवेगळ्या वह्या ठेवण्याचेच तत्त्व निर्णायक ठरले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पुढे २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या वसुलीला अंतरिम आदेशाने आळा घातला, तो शिल्लक निधीच्या प्रश्नावरून. घेतलेले शुल्क कशासाठी घेतले आणि किती साठले, हे विचारण्याचा हक्क संस्थांनाही आहे, हे त्यातून दिसले.

हक्काबरोबर येणारे काम

न्यायालयाने संप्रदायाचा हक्क राखला, पण हिशेबाची जबाबदारीही कायम ठेवली. आज प्रत्यक्षात संस्थांचे नुकसान होते, ते बहुधा सरकारच्या हस्तक्षेपामुळे होत नाही. ते होते स्वतःच्या दुर्लक्षामुळे.

विश्वस्ताचे निधन झाले, राजीनामा दिला गेला, नवीन मंडळ निवडून आले किंवा संस्थेने एखादा भूखंड घेतला, तर नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. कायद्याचे हे २२ वे कलम आहे. अनेक संस्थांत सभा होते, पुष्पहार घातले जातात, वृत्तपत्रात छायाचित्रही येते. परंतु बदल अर्ज मात्र "पुढच्या महिन्यात करू" म्हणून राहून जातो. वर्षे लोटतात. मग नोंदवहीतील परिशिष्टावर दिवंगत झालेल्या मंडळींचीच नावे राहतात. एक दिवस शेजारचा भूधारक संस्थेच्या भिंतीला लागून बांधकाम सुरू करतो, बँक सह्यांबाबत आक्षेप घेते किंवा महापालिका नकाशा मंजूर करण्यासाठी अधिकृत विश्वस्ताची सही मागते, आणि तेव्हा समजते की कागदोपत्री संस्थेला विश्वस्तच नाहीत. प्रामाणिकपणे वीस वर्षे सेवा करणारा माणूस त्या क्षणी परका ठरतो. त्यातच समाजात दोन गट असतील, तर प्रत्येक गट आपले स्वतंत्र अर्ज दाखल करतो आणि मंदिराचा पैसा तारखांवर खर्च होतो.

दुसरी बाब जमिनीची. नागपूरच्या पूर्व भागात गेल्या काही दशकांत वस्ती वाढली, रस्ते झाले, जमिनीचे भाव वाढले. ज्या जागेला पूर्वी कोणी विचारत नव्हते, तिच्यावर आज अनेकांचे लक्ष असते. अशा वेळी ३६ वे कलम हे संस्थेचे कवच आहे. न्यासाची स्थावर मालमत्ता विकणे, अदलाबदल करणे किंवा दान देणे यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन दहा वर्षांहून अधिक आणि अन्य जागा वा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची असेल, तरीही लागते. काही विश्वस्तांना ही अट जाचक वाटते. परंतु ती विश्वस्तांवरील अविश्वासाची खूण नाही. आजचे मंडळ सचोटीचे असेल. तीस वर्षांनंतरचे कसे असेल, हे कोणी सांगावे? परवानगीच्या चौकशीत आयुक्तांना एवढेच पाहायचे असते, की व्यवहार न्यासाच्या हिताचा आहे किंवा नाही.

तिसरी बाब सर्वांत कमी माहीत असलेली आहे, आणि ती विश्वस्तांची नाही, सामान्य भाविकाची आहे. कायद्यात "हितसंबंधी व्यक्ती" अशी एक संज्ञा आहे. मंदिराच्या बाबतीत, तेथे पूजेला येण्याचा ज्याला हक्क आहे किंवा जो नित्य येतो, तो हितसंबंधी. त्यासाठी देणगीच्या फलकावर नाव असावे लागत नाही. दररोज पहाटे अक्षता घेऊन येणारी विधवा भगिनी आणि लाखाची बोली बोलणारे श्रेष्ठी, कायद्याच्या लेखी सारखेच हितसंबंधी आहेत. विश्वस्ताची जागा रिकामी राहिली, तर नियुक्तीसाठी अर्ज करता येतो. गंभीर गैरवर्तन असेल, तर विश्वस्तास दूर करण्याचा अर्ज करता येतो. दोघे हितसंबंधी एकत्र आले, तर संस्थेसाठी योजना ठरवून देण्याची मागणी करता येते. संविधानातील समतेचे तत्त्व मंदिराच्या अंगणात उतरते, ते असे.

काही गैरसमज

नोंदणी केली म्हणजे मंदिर सरकारजमा होते, हा पहिला गैरसमज. वर सांगितलेला निर्णय पाहता तो निराधार आहे. नोंदणीमुळे उलट मालमत्तेचा सरकारदरबारी पुरावा तयार होतो आणि कोणी अतिक्रमण केल्यास तोच कामी येतो.

दुसरा गैरसमज अल्पसंख्याक दर्जाविषयी आहे. २७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक समाज म्हणून मान्यता दिली. त्यापूर्वी २००५ साली बाल पाटील यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तसा आदेश देण्यास नकार दिला होता, आणि त्याआधी २००२ साली अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने अल्पसंख्याकत्व राज्यनिहाय ठरवावे, असे म्हटले होते. या दर्जामुळे अनुच्छेद ३० प्रमाणे शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालविण्याचा हक्क आणि अल्पसंख्याकांसाठीच्या योजनांचा लाभ यांचा मार्ग स्पष्ट झाला. परंतु या दर्जाने मंदिराच्या हिशेबातून किंवा लेखापरीक्षणातून सूट मिळत नाही. शाळेचा हक्क वेगळा आणि मंदिराच्या न्यासाची जबाबदारी वेगळी.

तिसरा गैरसमज असा, की धर्माच्या बाबतीत न्यायालय कधीच बोलत नाही. १० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा किंवा सल्लेखना ही आत्महत्येच्या प्रयत्नासारखी असल्याचा निर्णय दिला. ती धर्माचे आवश्यक अंग असल्याचे सिद्ध झाले नाही, असे त्यात म्हटले होते. देशभर समाज शांतपणे रस्त्यावर आला. ३१ ऑगस्ट २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. या प्रकरणातून समाजाने एक बोध घेणे आवश्यक आहे. आपल्या आचारामागचा विचार, त्याचे शास्त्राधार आणि त्याच्या मर्यादा यांची नीट मांडणी विद्वानांनी आणि संस्थांनी आधीच करून ठेवली पाहिजे. न्यायालयासमोर श्रद्धा पुराव्याच्या रूपात मांडावी लागते. ग्रंथभांडारे जपणारा समाज या कामात मागे राहू नये.

व्यक्ती आणि समाज

संविधान समाजाला हक्क देते, तसाच तो समाजातील एकेका व्यक्तीलाही देते, आणि कधी कधी हे दोन हक्क समोरासमोर येतात. १९४९ साली मुंबई राज्याने समाजातून बहिष्कृत करण्यास बंदी करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बहुमताने रद्द केला. शिस्त राखण्यासाठी धार्मिक कारणावरून बहिष्कृत करणे हा संप्रदायाच्या कारभाराचा भाग मानला गेला. २०२३ मध्ये हा प्रश्न फेरविचारासाठी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपविण्यात आला. दरम्यान महाराष्ट्राने जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा कायदा केला आणि तो २०१७ पासून अमलात आला. एखाद्या कुटुंबाला केवळ विवाहाच्या किंवा मतभेदाच्या कारणावरून समाजाच्या जेवणावळीतून, सभागृहातून वा दर्शनातून वगळणे, हा आता केवळ रीतीचा प्रश्न राहिलेला नाही. अनेकांताचा वारसा सांगणाऱ्या समाजाला असा कायदा बाहेरून सांगावा लागू नये, हीच अपेक्षा.

राज्याच्या कायद्याचा चांगुलपणाही येथे सांगितला पाहिजे. याच विश्वस्तव्यवस्था कायद्यात १९८५ साली घातलेल्या ४१ एए कलमामुळे मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यासाठी तपशीलवार योजनाच मंजूर केली. कळमन्याच्या बाजारातील हमालाच्या घरात मोठे आजारपण आले, तर हे एक कलम त्याचे घर वाचवू शकते; पण त्याला ते कोणीतरी सांगावे लागते. त्याच्यासोबत रुग्णालयापर्यंत जाणे आणि कागद भरून देणे, ही आजच्या काळातील जीवदयाच होय.

पुढील पन्नास वर्षांसाठी

सुवर्ण महोत्सवी वर्षात मंडप, मिरवणूक आणि स्वामीवात्सल्य या गोष्टी होतातच आणि व्हाव्यातही. त्यांच्या जोडीला काही साधी कामे हाती घेतली जावीत. संस्थेच्या नोंदवहीच्या परिशिष्टाची ताजी प्रमाणित प्रत काढून त्यावरील प्रत्येक नाव आणि प्रत्येक मालमत्ता प्रत्यक्षाशी ताडून पाहावी. प्रलंबित बदल अर्ज दाखल करावेत. संस्थेच्या प्रत्येक जागेचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणीचा नकाशा आणि कराच्या पावत्या एका ठिकाणी जमवाव्यात. देवद्रव्य, जीवदया, साधारण आणि साधर्मिक या खात्यांचा वार्षिक हिशेब मराठीत, सर्वांना वाचता येईल अशा अक्षरांत, पेढीबाहेरील फलकावर लावावा. विश्वस्त मंडळाच्या बैठकीत तरुणांना आणि भगिनींना बसू द्यावे, म्हणजे पुढील पिढीला ही वही परकी वाटणार नाही.

वेजलपूरच्या देरासराचा निर्णय झाला, तेव्हा संविधान अमलात येऊन जेमतेम चार वर्षे झाली होती. सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्याचा मार्ग सामान्य माणसाला अपरिचित होता. तरीही एक वहिवाटदार तेथपर्यंत गेला आणि देवाच्या द्रव्यावरील दात्याचा संकल्प अबाधित राखून आला. पण त्याच निर्णयाने पेढीची वहीही उघडी ठेवली. गाभारा संप्रदायाचा आणि वही सर्वांसमोर, ही १९५४ ची वाटणी आजही कायम आहे. गाभाऱ्याचे रक्षण संविधान करीत आले आहे. वहीचे रक्षण करणे हे मात्र पेढीवर बसणाऱ्यांचे आणि पेढीसमोर उभे राहून आदराने हिशेब विचारणाऱ्यांचे, दोघांचेही काम आहे. या संस्थेच्या पन्नास वर्षांच्या कारभारात ज्यांनी ते काम निमूटपणे केले, त्या ज्ञात-अज्ञात सर्वांना वंदन असो.

बोलण्यात शास्त्राविरुद्ध किंवा कोणाचे मन दुखावेल असे काही आले असल्यास मिच्छामि दुक्कडं.

जय जिनेंद्र!